घेतले सोंग निभावून न्यावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी कुणी पाककृतींवर बोलते, कुणी मुलांच्या आरोग्यावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि वर बजावले, "नेहमीचे नको, घरातले काही नवे सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. आमच्या घरात सध्या नवे म्हणजे मुलीचा संगणकावरचा खेळ. त्यावरच चार शब्द बोलते.

व्हिडिओ गेम म्हटला की गोळ्या झाडणे नाहीतर मोटारी पळवणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. तसले खेळ आहेतच. पण एक जात निराळी आहे. त्यात आधी आपण एक पात्र घडवायचे. बाई की पुरुष, कोणत्या कुळातले, काय करणारे, आणि मुख्य म्हणजे स्वभावाने कसे. मग त्या पात्राच्या रूपाने कथेत शिरायचे. वाटेत शंभर प्रसंग येतात. दर वेळी काय बोलायचे, कुणाला मदत करायची, कुणाला फसवायचे, हे आपणच ठरवायचे.

याचे मूळ संगणकात नाही. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती बसायचे, फासे टाकायचे आणि आपल्या पात्राच्या तोंडचे आपण बोलायचे. पात्राचे बळ नि बुद्धी कागदावर लिहीत, तशी त्याची वृत्तीही लिहून ठेवीत. पात्र त्या वृत्तीला सोडून वागू लागले की खेळ चालवणारा टोकायचा.

हे ऐकले आणि मला आमच्याकडचा दशावतार आठवला. माझे माहेर सावंतवाडीकडचे. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. कथा ठरलेली, बाकी ज्याने त्याने आयत्या वेळी बोलायचे. म्हणून पात्राचा स्वभाव नटाच्या अंगात मुरलेला असावा लागतो. रावण झालेला मध्येच गयावया करू लागला, तर पुढे बसलेली पोरेसुद्धा हसतात. त्या नटाला कुणी खरा रावण समजत नाही. पण रावण घेतलास ना, मग रावण दाखव, असे बघणाऱ्यांचे म्हणणे असते. मुलीची एक मैत्रीण खेळात मुद्दाम दुष्ट पात्र घेते. तिच्या आईने त्याची धास्ती घेऊ नये, असे मला वाटते ते याचसाठी.

संगणकावर या गोष्टीला मान दिला तो रिचर्ड गॅरियट यांनी. १९८५ साली त्यांचा 'अल्टिमा' मालिकेतला चौथा खेळ निघाला. त्याच्या नावात 'अवतार' हा आपलाच शब्द आहे. त्यात शेवटी मारायला कुणी मोठा राक्षस नाही. सत्य, दया, शौर्य, न्याय असे आठ गुण अंगी आणायचे, हाच खेळ. त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई भेटते. पैसे किती टाकायचे ते गिऱ्हाइकाने ठरवायचे. कमी टाकले तरी ती काही बोलत नाही. पण खेळ आतल्या आत तेवढा सचोटीचा गुण कमी करतो, आणि मग पुढची वाट अडते.

माझी मुलगी खेळते तो 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजने तो २०२३ साली पुरा केला. युरोपात त्यावर १८ वर्षांवरील लोकांसाठी असा शिक्का आहे, तो आयांनी ध्यानात ठेवावा. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. त्या खेळात शपथ घेतलेला एक योद्धा असतो, त्याला पॅलाडिन म्हणतात. निरपराध्यावर हात उगारला, तर त्याची शपथ मोडते आणि शपथेतून आलेली शक्ती जाते. मग चिलखतातला एक सरदार भेटायला येतो. हजार मोहरा मोजून शपथ पुन्हा घेता येते, नाहीतर शपथ मोडल्याच्या वाटेनेच पुढे जाता येते.

मुलीने पॅलाडिन बाई घेतली होती. एका ठिकाणी थाप मारली असती, तर काम फुकटात होत होते. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मार ना थाप! फसलं तर मागे जाऊ." हे मागे जाणे काय, ते सांगते. खेळ वाटेत कुठेही राखून ठेवता येतो आणि दान उलटे पडले की तिथून पुन्हा सुरू करता येतो. बरे, त्या एका थापेने शपथही मोडणार नव्हती. तरी मुलगी म्हणाली, "माझी बाई तसं बोलणार नाही." खरे बोलली, लढाई ओढवून घेतली, हरली. पण पडलेले दान तिने बदलले नाही.

मला त्या वाक्याचे अप्रूप वाटले. पाहणारे कुणी नाही, शिक्षा नाही, सगळे खोटेखोटे. तरी घेतलेल्या सोंगाला जागायचे. म्हणून खेळाने माणूस सज्जन होतो, असे मात्र मी म्हणणार नाही. हीच मुलगी "पाच मिनिटांत उठते" म्हणून पाऊण तास उठत नाही. एके दिवशी मी तिला विचारले, "तुझ्या त्या बाईनं आईला पाच मिनिटं सांगितली असती तर?" ती हसली आणि उठून पाने घेऊ लागली. तेव्हा मुलांना नुसते "बंद कर ते" म्हणण्याऐवजी, "तुझं पात्र कसं आहे गं? या जागी ते काय करील?" असे विचारून पाहा. मुले भरभरून सांगतात, आणि मग आपल्यालाही दोन गोष्टी सांगता येतात.

भगिनींनो, आपणही एकामागून एक सोंगे घेतोच. सून होतो, जाऊ होतो, पुढे सासू होतो. सून असताना ओट्याशी उभ्या राहून, "मी सासू झाले की असं नाही हो वागायची," असे आपल्यापैकी किती जणींनी म्हटले असेल! पुढच्या वैशाखात आमच्या घरी थोरल्याची बायको येईल. ते म्हटलेले मला आठवते आहे आणि त्याची थोडी भीतीही वाटते, कारण इथे खेळ राखून ठेवायची सोय नाही. सुनेला एकदा बोललेला शब्द मागे जाऊन पुसता येत नाही. तेव्हा तोंड उघडण्यापूर्वी मुलीचेच वाक्य मनात म्हणायचे, असे मी ठरवले आहे.