शरदाची ओळख



इंग्रजी काव्यातला शरद पानगळीचा असतो. आमचा शरद पाऊस सरल्यावर उघडलेल्या डोळ्यांसारखा असतो. आश्विन व कार्तिक हे त्याचे दोन महिने. राजूरला गणपतीच्या टेकडीवर सकाळी उभे राहावे, म्हणजे त्याचे वैभव कळते. आकाश धुतलेले, माळावर तरवड पिवळाधमक फुललेला, ओढ्याकाठी शेपटी हलवीत परीट पक्षी आलेला. बाजारात सीताफळांच्या पाट्या. रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्याने निवते, आणि पहाटे गवताच्या पात्यापात्यावर दव साठते.

ही केवळ शोभा नव्हे. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. येथे ऋतू पाहणे म्हणजे वर्षाचा हिशेब वाचणे. हस्ताचा पाऊस बेताचा पडला, तर ओलीवर रब्बीची ज्वारी उतरते. तो हात आखडला, किंवा उदंड झाला, तर घराची घडी विस्कटते. सन 2012 च्या अवर्षणानंतर या जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. उलट, सन 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. त्या दोन्ही वर्षी तरवड फुलला होता आणि चंद्रही उगवला होता. मग त्या सौंदर्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील.

आमचे उत्तर असे, की चांदणे कर्ज फेडीत नाही. परंतु चांदण्यात माणसे एकत्र बसतात. कोजागरीचा अर्थच 'कोण जागे आहे?' हा प्रश्न आहे. आटवलेल्या दुधाची वाटी हातोहात फिरते, तेव्हा कोणाची वाटी रिकामी राहिली हे दिसते. कोण आज गप्प आहे, कोण आलाच नाही, हेही दिसते. दसऱ्याला आपट्याचे पान देण्यासाठी ज्या दारी जावे लागते, त्या दारातली अडचण डोळ्यांआड राहत नाही. ज्याला ऋतू दिसतो, त्याला शेजारीही दिसू लागतो, दृष्टी एकच.

आज ज्ञातीतील अनेक कुटुंबे पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथे स्थिरावली आहेत. त्यात खंत मानण्याचे कारण नाही. मात्र गावी एका दिवसापुरते यायचे आणि संध्याकाळीच परतायचे, याने शरद हाती लागत नाही. त्याचे दव पहाटे पडते, त्याचे बोलणे रात्री रंगते. म्हणून विनंती एवढीच, की आश्विनात दोन रात्री तरी गावी मुक्काम करावा. मुलांना तरवड व परीट नावानिशी दाखवावा. आणि कोजागरीला, ज्या घराचे पीक गेले असेल, त्याच घराच्या अंगणात दुधाचे पातेले चढवावे. खर्च मात्र बाकीच्यांनी वाटून घ्यावा.