बांधावरच्या कडुनिंबाचे मोल
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कडुनिंब आपल्याला नवा नाही. पाडव्याला आपण त्याचा पाला खातो, कांजिण्या आल्या की पाल्याच्या पाण्याने लेकराला आंघोळ घालतो, ज्वारीच्या कणगीत पाला टाकतो. पण त्यात नेमके आहे काय, हेही आपल्याला माहीत हवे.

१९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही कडू द्रव्ये वेगळी काढली. पुढे निंबोळीत ॲझाडिरॅक्टिन सापडले. निंबिडिन आणि पाल्याचा अर्क प्रयोगशाळेत काही जिवाणूंची वाढ रोखतात. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस त्यातलाच. ॲझाडिरॅक्टिनचे काम निराळे. त्याने अळीचे खाणे कमी होते, कात टाकणे बिघडते.

म्हणजे आजी सांगत होती त्यात तथ्य होते. पण काचेच्या बशीत जंतू मेला म्हणजे माणसाचा रोग गेला, असे होत नाही. जखम चिघळली, ताप चढला, तर दवाखानाच गाठायचा. आणि कडुनिंबाचे तेल लेकराच्या पोटात कधीही द्यायचे नाही. त्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

या झाडाची किंमत दुसऱ्यांनी आधी ओळखली. १९९४ साली युरोपात अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. भारतात हे आधीच माहीत होते, असा पुरावा पुढे आला. २००० साली पेटंट रद्द झाले, २००५ साली अपीलही फेटाळले गेले. २०१५ पासून देशातल्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. तेलाला मागणी आहे, मग निंबोळी मातीमोल का जावी?

आमचे म्हणणे एवढेच. पावसाच्या तोंडावर पिकलेली निंबोळी गोळा करा, गर धुऊन सावलीत वाळवा. आधी आपल्या कपाशीपुरती ठेवा. ५ किलो कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा, पाणी घालून १०० लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा; उन्हात ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही. उरलेली निंबोळी गावाने एकत्र करून, वजन आपल्या काट्यावर करून विका. वेचणाऱ्या मायबहिणींच्या हाती त्यांच्या घामाचे दाम पडलेच पाहिजेत.