काकांचा कागद आणि माझी चूक

(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘नॉमिनेशन’वर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. बँकेत चौतीस वर्षं काढली, तेव्हा तो विषय माझ्याकडे येणारच. पण आज मी मृत्युपत्राबद्दल बोलणार आहे, आणि त्यात माझीच चूक सांगणार आहे. पंचवीस वर्षांत माझ्या बढाया तुम्ही पुष्कळ ऐकल्यात.

माझे थोरले काका मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी राहत. नोकरी सगळी शहापूर तालुक्यात, शाळामास्तर म्हणून. मूलबाळ नाही, काकी लवकर गेल्या. म्हातारपणी त्यांचं सगळं केलं ते माझ्या धाकट्या चुलत भावाने आणि त्याच्या बायकोने. २००६ साली काका वारले. तेराव्याला भाऊ म्हणाला, “दादा, काकांनी घर आन् वावर माझ्या नावावर लिवलंय. रजिस्टर केलंय बोलले होते.”

मी विचारलं, “कागद कुठाय?”

कागद त्याच्याकडे नव्हता. पेटी, फडताळ, देव्हारा सगळं शोधून झालं. तो मुरबाडच्या रजिस्ट्रार ऑफिसला जाऊन आला, तिथे काकांच्या नावाची नोंद नव्हती. झालं! आम्ही बाकीच्या भावांनी ठरवून टाकलं की हा खोटं बोलतोय. तलाठ्याकडे सगळ्या पुतण्यांची वारस नोंद करायला लावली. सर्वांत मोठा आवाज माझा होता. कागदाशिवाय बोलायचं नाही, ही बँकेतली सवय. पुढे पाच वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नालाही मी गेलो नाही.

२०११ मध्ये आपल्या बिल्डिंगला रंग काढला, आठवत असेल. तेव्हा घरातलं सामान हलवताना वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली. वडील २००१ सालीच गेले होते, ट्रंक तशीच माळ्यावर पडून होती. तिच्यात जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्यात नोंदणीची पावती सापडली. काकांचं नाव, दस्त क्रमांक, १९९६ ची तारीख आणि शिक्का शहापूरच्या दुय्यम निबंधकांचा. काका पेन्शनच्या कामाला शहापूरला आले असतील, तेव्हाच भावाला बरोबर घेऊन त्यांनी काम उरकलं असणार. पाच वर्षं मी ज्या कागदासाठी भांडत होतो, त्याचा पत्ता माझ्याच डोक्यावर, माळ्यावर होता.

आता उपयोगाचं सांगतो, लिहून घ्या.

मृत्युपत्र कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं. माणूस राहतो तिथेच किंवा जमीन आहे तिथेच नोंदवलं पाहिजे, असं नाही. म्हणून एका ऑफिसात नोंद नाही म्हणजे मृत्युपत्रच नाही, असं समजू नका. माणूस कुठे नोकरीला होता, पेन्शन कुठे घ्यायचा, लेकीकडे कुठे राहायचा, तिथेही चौकशी करा.

१९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्रांची नोंद पुस्तक क्रमांक तीनमध्ये होते. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो गेल्यावर मात्र कोणीही अर्ज करू शकतो, वारस असलंच पाहिजे अशी अट नाही. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि आपलं ओळखपत्र जोडा. दस्त क्रमांक नसेल तर नाव आणि अंदाजे साल देऊन शोध घ्यायला सांगा. शोधाची आणि नकलेची फी भरून पावती घ्या.

काही जण मृत्युपत्र सीलबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवतात. तसं असेल तर मृत्यूनंतर त्यांच्याकडे अर्ज करून लिफाफा उघडून घ्यावा लागतो. आणि हेही लक्षात ठेवा, मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. नोंदवलेलंच नसेल तर सरकारी दप्तरात नक्कल कुठून मिळणार? मग कपाट, लॉकर, वकील, साक्षीदार, एवढ्याच जागा उरतात.

महात्मा फुले यांनी १८८७ साली आपलं मृत्युपत्र करून नोंदवलं. तेव्हा ही पद्धत काही आजची नाही.

मला नक्कल मिळाली. दोन पानं. घर आणि वावर चुलत भावाला, “त्याने व त्याच्या पत्नीने माझी सेवा केली म्हणून.” साक्षीदारांत पहिली सही माझ्या वडिलांची.

दुसऱ्या दिवशी एसटीने किन्हवली, सरळगाव करत गावी गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, तिथे गेल्यावर एक शब्द सुचला नाही. कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, घडी केली, खिशात ठेवला. त्याची बायको म्हणाली, “भावजी, भात झालाय, जेवून जावा.” जेवलो. फेरफाराच्या वेळी आम्ही सगळ्या भावांनी हरकत नसल्याचं लिहून दिलं. पण मुलीचं लग्न काही परत येत नाही.

आता सोसायटीपुरतं. आपल्या फ्लॅटचा नॉमिनी हा मालक नव्हे. २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता सभासद असतो. म्हणून नॉमिनेशन करा, मृत्युपत्रही करा, दोन साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्या, शक्यतो नोंदवा. आणि ज्याच्या नावे लिहिलं आहे त्याला, निदान घरातल्या एकाला तरी, कोणत्या ऑफिसात नोंदवलं ते सांगून ठेवा. काकांनी सगळं केलं, एवढं एकच राहिलं.

माझं मृत्युपत्र शहापूरलाच नोंदवलेलं आहे. पावतीची झेरॉक्स मुलाकडे आणि सुनेकडे, दोघांकडे दिली आहे. आपलीही पावती आज घरी गेल्यावर शोधा, आणि माळ्यावर वडिलांची ट्रंक असेल तर तीही एकदा उघडून बघा.