काळजाची गोष्ट

श्रोतेहो, मी कवी माणूस. ‘काळीज’ हा शब्द आयुष्यभर दुःखासाठी वापरला. २०२१च्या मे महिन्यात त्याचा खरा अर्थ कळला.

माझे थोरले बंधू कोरोनातून बरे होऊन घरी आले होते. ताप नाही, ऑक्सिजन उत्तम. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी जिना चढताना त्यांच्या छातीत दुखू लागले. गॅस असेल, अशक्तपणा असेल, असे म्हणून आम्ही ओवा दिला. रात्र तशीच काढली. सकाळी डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. भाईजान वाचले; पण हृदय कायमचे दुबळे झाले.

हा आजार आपण फुप्फुसांचाच समजलो. रक्तवाहिनीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. कोरोनात ते सुजते, रक्त लवकर गोठते. गुठळी हृदयात अडकली तर झटका, मेंदूत अडकली तर पक्षाघात. काहींच्या हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा धोका वर्षभर वाढलेला दिसला. घरीच बरे झालेल्यांमध्येसुद्धा.

म्हणून छातीत दुखले, धाप लागली, तोंड वाकडे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. आम्ही पाहिली. तिची किंमत भाईजान आजही प्रत्येक जिन्यावर मोजतात.