मेलच्या वेशीवरची यादी

हळद शिजवून, वाळवून झाली असेल तर घटकाभर रेडिओजवळ बसा. आज आम्ही ईमेलबद्दल बोलणार आहोत. "आमचा काय संबंध?" असं कुणी म्हणू नका. गटाची नोंदणी करा, मसाल्याच्या पाकिटासाठी परवाना काढा नाहीतर पुण्याच्या दुकानदाराला भाव कळवा, जो तो आधी ईमेलच मागतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लांबलांबची विचारपूसही याच वाटेनं येते.

आता एक ओळखीची गोष्ट घ्या. "दागिने उजळून देतो" म्हणत दोघं जण मोटारसायकलवर गावात येतात आणि एखाद्या माउलीची पोत घेऊन पसार होतात. मग त्या गावची बाई शेजारच्या गावातल्या बहिणीला फोन करते, "गाडीचा नंबर लिहून घे, दारात उभं करू नको." ईमेलच्या दुनियेत अशाच निरोपाला ब्लॉकलिस्ट म्हणतात, म्हणजे अडवायच्यांची यादी.

न मागितलेल्या, ढिगानं येणाऱ्या मेलला स्पॅम म्हणतात. लॉटरी लागली, कर्ज मंजूर झालं, खातं बंद पडणार, असलं सगळं त्यात येतं. हे दुखणं जुनं आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेत एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्यानं सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरातीची मेल पाठवली. पहिली स्पॅम म्हणून तिचंच नाव घेतात. पुढं उच्छाद वाढला, तेव्हा १९९७ साली पॉल विक्सी आणि त्यांचे सहकारी डेव्ह रँड यांनी त्रास देणाऱ्या पत्त्यांची यादी करून ती इतरांना वापरायला दिली. १९९८ साली लंडनमध्ये स्टीव्ह लिनफोर्ड यांनी स्पॅमहाऊस ही संस्था सुरू केली. तिच्या याद्या आज जगभर वापरल्या जातात.

या यादीचं काम कसं चालतं? आपली मेल एका सर्व्हरवरून निघते आणि दुसऱ्या सर्व्हरवर पोचते. सर्व्हर म्हणजे मेलचं पोस्ट ऑफिसच समजा. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काहीही लिहिता येतं, बँकेचंसुद्धा. पण पत्र आणणाऱ्या गाडीचा नंबर सहजासहजी लपवता येत नाही. सर्व्हरचा असा नंबर ठिपक्यांनी जोडलेल्या चार आकड्यांचा असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. मेल दारात आली की घेणारा सर्व्हर यादीला विचारतो, "हा नंबर तुझ्याकडं आहे का?" यादी पापणी लवायच्या आत उत्तर देते. नंबर यादीत असेल तर मेल बहुतेक वेळा दारातूनच परत जाते, नाहीतर स्पॅमच्या कप्प्यात पडते.

यादीत नंबर जातात कसे? एक युक्ती मोठी नामी आहे. काही ईमेल पत्ते कुणालाही न देता नुसते सापळा म्हणून ठेवलेले असतात. ज्यानं कधी पत्र मागितलंच नाही, त्याच्या दारी पत्र आलं, तर पाठवणारा सांगूनसवरून कुठूनतरी पत्ते गोळा करत फिरतोय, हे उघड होतं.

पण या यादीत ओल्याबरोबर सुकंही जळतं. आमच्या गटानं हळद पावडरसाठी छोटी वेबसाइट केली, तिच्यासोबत मेलचा पत्ताही मिळाला. पुण्याच्या एका दुकानाला भाव कळवला, तर मेल परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. दुकानदार समजला, यांना माल द्यायचाच नाही. परत आलेल्या मेलखाली इंग्रजीत चार ओळी होत्या. त्या आमच्यातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं वाचल्या. आमचा सर्व्हर यादीत होता! स्वस्तातल्या जागेत एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं असतात. त्यातल्या कुणीतरी स्पॅम सोडली होती. एसटीत एक खिसेकापू निघाला म्हणून अख्खी गाडी वेशीवर अडवावी, तसं झालं. दुकानदाराला आम्ही फोनवर भाव सांगितला म्हणून ऑर्डर हातची गेली नाही. ज्यांच्याकडं फोन नंबर नसेल, त्यांचं काय झालं असतं?

म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा. मेल परत आली तर ती पुसून टाकू नका. कोणत्या यादीनं अडवलं, हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. तो मजकूर ज्यांच्याकडून जागा घेतली त्यांना पाठवा. स्पॅम सोडणाऱ्याला आवरायचं आणि यादीतून नंबर काढून घ्यायचा, हे काम त्यांचं आहे. स्पॅमहाऊस नाव काढायला पैसे घेत नाही, तेव्हा तिच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

दुसरं, आपलं खातं चोराच्या हाती गेलं तर तो आपल्याच नावानं हजारो मेल सोडतो आणि यादीत नाव आपलं लागतं. गटाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका, सचिव बदलली की तोही बदला. आणि विकत मिळणाऱ्या पत्त्यांवर जाहिरात पाठवायच्या फंदात पडू नका.

तिसरं, आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडून बघा. एखादी खरी ऑर्डर तिथं पडलेली असू शकते. खरी असेल तर "स्पॅम नाही" असं दाबा.

चौथं, यादी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती गाडीचा नंबर बघते, माणसाचं मन बघत नाही. चांगल्या सर्व्हरवर खातं काढून ठग मेल पाठवतोच. ओटीपी मागणारी, घाई करणारी, लिंक दाबायला लावणारी मेल आली तर आधी बँकेच्या शाखेत विचारा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो. मोबाइलवरच्या जाहिरातींच्या फोनची आणि मेसेजची तक्रार १९०९ वर करता येते.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. गटाचा मेल कोण उघडतं, पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे आणि स्पॅमचा कप्पा शेवटचा कधी बघितला, एवढं विचारा आणि उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा.