सुप्याची खतं आणि जगाचा बाजार



परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे: समाजाबद्दलचा व्यापक सिद्धांत मांडण्याचं काम आपण सोडून द्यायचं का?

इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांच्या आधुनिक जागतिक व्यवस्थेवरील ग्रंथाचा पहिला खंड १९७४ साली आला. एखाद्या देशाच्या गरिबीची कारणं त्याच्याच परंपरेत शोधण्याची सवय त्यांनी मोडली. केंद्र, परीघ आणि अर्धपरीघ अशा एकाच श्रमविभागणीत त्यांनी सगळ्यांना पाहिलं. पाच वर्षांनी फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेला अहवाल पुस्तकरूपाने आला. सगळं एकाच सूत्रात समजावू पाहणाऱ्या महाकथनांवरचा विश्वास उडाला आहे, हे त्याचं सूत्र. पुढे अनेकांनी विचारलं की केंद्र-परिघाचा हा जगाचा नकाशा कोण काढतो, कुठे बसून काढतो आणि त्यात परिघावरच्या माणसाला स्वतःचं मन असतं की नाही.

हे प्रश्न आपल्या जमिनीवर तपासू. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती खतं, म्हणजे कर्जाचे दस्तऐवज. ती मिळाली तिथे त्यांनी जाळली. माणसांवरचे हल्ले त्यामानाने थोडे झाले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं.

हे का घडलं, याचं उत्तर जागतिक व्यवस्थेचा अभ्यासक चटकन देतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपलं, भाव कोसळले, पत आटली. हे खरंच आहे आणि मी ते सोडायला तयार नाही. पण सुपे ज्या भीमथडी भागात येतं, तिथल्या रानात मुख्य पीक ज्वारी-बाजरीचं. दंग्यांचा संबंध कापसाशी थेट जोडता येत नाही, असं काही इतिहासकारांनी दाखवलं आहे, ते याच आधारावर. मग तेजी तिथे पोचली कशी? रेल्वेच्या कामावरची मजुरी, धान्याचे चढे भाव आणि सहज मिळणारं कर्ज, अशा वाटांनी. त्या तेजीच्या काळातच इंदापूर-भीमथडीत जमिनीची फेरपाहणी होऊन शेतसारा बराच वाढवला गेला. भाव उतरले, साऱ्याचा बोजा मात्र जड झाला. जगाच्या बाजाराचा धागा गावापर्यंत येतो खरा, पण अनेक गाठींतून येतो, आणि प्रत्येक गाठ सोडवून पाहावी लागते.

पुढचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. खतंच का जाळली? रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवरच का? दंगे उसळण्याआधी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला होता, गावकीची कामं करणाऱ्यांनी त्याची कामं बंद केली होती. दिवाणी कोर्टात कागद बोलतो आणि आपलं तोंडी म्हणणं तिथे टिकत नाही, हे या लोकांनी नेमकं ओळखलं होतं. ही समज लिव्हरपूलच्या कापूसबाजारातल्या भावात सापडत नाही. इथे टीकाकारांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

मात्र त्या टीकेचा जो अर्थ आपल्या विभागांमध्ये रुजला, तो मला घातक वाटतो. प्रत्येक अनुभव स्वतंत्र, प्रत्येक कथन सारखंच, म्हणून कारणं शोधू नका, असं प्रबंधांतून सर्रास वाचायला मिळतं. ल्योतार यांनी स्वतः ज्ञान ही विकाऊ वस्तू होत चालल्याचं बजावलं होतं. तेही जगाबद्दलचं मोठं विधानच होतं! बाजार मोठ्या पल्ल्यावर चालतो. त्याच्याबद्दल बोलण्याचा पल्ला आपण आखडला, तर यवतमाळच्या कापूस उत्पादकाला त्याच्या हलाखीचं कारण त्याच्याच स्वभावात किंवा व्यसनात असल्याचं सांगणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. वॉलरस्टाइन यांनी जो समज मोडला, तोच मागच्या दाराने परत येतो.

म्हणून तरुण संशोधकांना माझी एक विनंती आहे. जुन्या घरांत मोडी लिपीतली खतं आणि सावकारी चोपड्या अजून पडून आहेत. मोडी शिका. दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे रयतेने दिलेल्या जबान्या वाचा आणि त्या सरकारी लेखणीतून उतरल्या आहेत हे ध्यानात ठेवा. त्याच टेबलावर त्या वर्षांचे मुंबईचे कापूस-धान्याचे भाव आणि तालुक्याचा सारा मांडा. असं काम करणाऱ्यांसाठी पुढच्या अधिवेशनात एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, असा प्रस्ताव मी आज कार्यकारिणीपुढे ठेवत आहे.