कथेची वाट वाचकाने निवडावी



धडा घडाघडा वाचणारी मुले आपल्या वर्गांत पुष्कळ असतात; परंतु वाचलेले त्यांना उमगले की नाही, हे सहजी कळत नाही. या दृष्टीने संगणकावरील संवादी कथेचा परिचय उद्बोधक होईल. या साहित्यप्रकारात पुढील कृती वाचकच ठरवितो.

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ विल क्राउदर यांना गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या आधारे त्यांनी १९७६ च्या सुमारास आपल्या मुलींसाठी ‘ॲडव्हेंचर’ रचले. १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी त्याचा विस्तार केला. त्यात चित्रे नव्हती. संगणक स्थळाचे वर्णन करी. वाचक ‘उत्तरेस जा’, ‘दिवा घे’ अशा अर्थाची इंग्रजी आज्ञा देई आणि तदनुसार पुढील मजकूर उमटे. वर्णन नीट न वाचणारा वाट चुके.

ही रीत संगणकावाचूनही साधते. गोष्टीचे आठदहा भाग निरनिराळ्या कागदांवर लिहावे; शेवटचे सोडून प्रत्येकाखाली दोन वाटा व त्यांच्या पुढील कागदांचे क्रमांक द्यावे. मागे बसणाऱ्या अबोल मुलालाही वाट निवडू द्यावी आणि ‘हीच का?’ असे प्रेमाने विचारावे. त्याचे उत्तर हीच आकलनाची खरी कसोटी होय.